फॉरेन्सिक, क्रिमिनॉलॉजी, कायदा: शिक्षणासाठी काढलेलं कर्ज पगारातून फिटेल का? (गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हप्त्यांची सगळी गणितं वर्षाला १० टक्के व्याज धरून केली आहेत. तुमच्या बँकेचा दर वेगळा असेल तर आकडे हलतील, पद्धत तीच राहील. पगारात महागाई भत्ता ५५ टक्के धरला आहे. केंद्राने तो जानेवारी २०२५ पासून दिला आणि पुढे वाढवला, त्यामुळे हिशोब थोडा हात राखूनच आहे.

१. 'क्रिमिनल जस्टिस'ची डिग्री म्हणजे आपल्याकडे नेमकं काय?

हे नाव अमेरिकेतलं. आपल्याकडे तोच विषय तीन-चार वाटांनी शिकवला जातो: क्रिमिनॉलॉजीची (गुन्हेगारीशास्त्राची) बीए किंवा एमए, फॉरेन्सिक सायन्सची बीएस्सी किंवा एमएस्सी, कायद्याची पाच किंवा तीन वर्षांची पदवी, आणि तुरुंग, बालगृह, प्रोबेशन या बाजूला जाणारं समाजकार्य. गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे, आणि कायद्याची जुनी कॉलेजं मिरामारला आणि मडगावला. या वाटांची फी वेगळी, पहिला पगार वेगळा, पगार सुरू व्हायला लागणारा वेळही वेगळा. म्हणून 'या क्षेत्रात पैसा आहे का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. फॉरेन्सिकसाठी प्रश्न ८ आणि कायद्यासाठी प्रश्न ९ पाहा.

२. मुलाला पोलिसात जायचंय. त्यासाठी ही डिग्री लागते का?

नाही. सगळ्यात जास्त कुटुंबं इथेच चुकतात. दिल्ली पोलीस आणि केंद्रीय सशस्त्र दलांत सब-इन्स्पेक्टर होण्यासाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन जी परीक्षा घेतं, तिला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. दिल्ली पोलीस कॉन्स्टेबलला बारावी पुरते, केंद्रीय दलांतल्या कॉन्स्टेबलला दहावी. क्रिमिनॉलॉजी केली म्हणून गुण वाढत नाहीत आणि सुरुवातीचा पगारही वाढत नाही.

कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक काम करा. ज्या पदावर डोळा आहे त्याच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढा आणि 'शैक्षणिक पात्रता' हा रकाना वाचा. तिथे तुमच्या डिग्रीचं नाव असेल तर ती डिग्री नोकरीचं दार उघडते. 'कुठलीही पदवी' असं लिहिलेलं असेल, तर घराजवळच्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजातली कमी फीची बीए-बीकॉमही तेच दार उघडते. मग पाच-सहा लाखांचं कर्ज काढण्यात अर्थ नाही.

शरीराच्या अटीही कर्जाआधी तपासा. वरच्या सब-इन्स्पेक्टर परीक्षेला मुलग्यांना सर्वसाधारणपणे १७० सेंमी उंची लागते, मुलींना १५७. मुलग्यांना १.६ किमी साडेसहा मिनिटांत पळावं लागतं, मुलींना ८०० मीटर चार मिनिटांत. रंग ओळखण्यात दोष असेल तर वैद्यकीय तपासणीत अडतं, आणि ते कळायला नेत्रतज्ज्ञाकडची एक खेप पुरते. वयाची अट २० ते २५ आहे (राखीव गटांना सवलत), म्हणून एखादं वर्ष वाया गेलं तर ते फीपेक्षाही महाग पडतं.

३. सरकारी पगार किती धरायचा? जाहिरातीत नुसतं 'लेव्हल ६' लिहितात.

लेव्हल म्हणजे सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यातली पायरी. लेव्हल ३ ची सुरुवात २१,७०० रुपये मूळ वेतनाने होते, लेव्हल ६ ची ३५,४०० ने. दिल्ली पोलीस आणि केंद्रीय दलांत कॉन्स्टेबल लेव्हल ३ वर, सब-इन्स्पेक्टर लेव्हल ६ वर. गोव्यातल्या पदासाठी त्या जाहिरातीतली लेव्हल बघा आणि हिशोब असाच करा:

लेव्हल ३: २१,७०० अधिक ५५ टक्के भत्ता म्हणजे ३३,६३५. राष्ट्रीय पेन्शन योजनेसाठी १० टक्के कापले की उरतात सुमारे ३०,२७०.
लेव्हल ६: ३५,४०० अधिक भत्ता म्हणजे ५४,८७०. कपातीनंतर सुमारे ४९,३८०.

घरभाडं आणि बाकी भत्ते वर मिळतात, पण ते ठिकाणाप्रमाणे बदलतात, म्हणून कर्जाच्या हिशोबात धरू नका. आठव्या वेतन आयोगाच्या भरवशावरही हप्ता ठरवू नका.

४. मग किती कर्ज झेपेल?

आमचा निकष असा: पहिल्या वर्षी हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. नोकरी गावाबाहेर लागली की भाडं, जेवण, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे यांतून त्याहून जास्त निघत नाही.

एक लाखाला महिन्याचा हप्ता ५ वर्षांच्या मुदतीला २,१२५ रुपये, ७ वर्षांना १,६६०, १० वर्षांना १,३२२ आणि १५ वर्षांना १,०७५. मुदत वाढवली की हप्ता हलका वाटतो, पण १० वर्षांत लाखाचे १,५८,५८१ होतात आणि १५ वर्षांत १,९३,४२९, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

आता उलटा हिशोब. लेव्हल ३ च्या ३०,२७० चा पाचवा हिस्सा ६,०५४. दहा वर्षांच्या मुदतीत तेवढ्या हप्त्यात ४.५८ लाख फिटतात. पण हा आकडा फेड सुरू होण्याच्या दिवसाचा, शिकताना चढलेलं व्याज त्यात आलं (प्रश्न ५). ते वजा केलं तर तीन वर्षांच्या कोर्ससाठी मूळ कर्ज साडेतीन लाखांच्या आसपासच हवं. लेव्हल ६ साठी हीच मर्यादा पावणेसहा लाखांवर जाते. आणि खासगी नोकरीत समजा १८,००० हातात आले, तर दोन लाखांच्या थोडं वर.

हिशोब नेहमी नक्की मिळेल अशा नोकरीच्या पगारावर करा. सब-इन्स्पेक्टरची परीक्षा देणाऱ्यांतले फार थोडे निवडले जातात, हप्ता मात्र परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला भरावा लागतो.

५. शिकत असताना हप्ता नसतो, मग व्याज कशाला चढतं?

हप्ता थांबलेला असतो, व्याज चालूच असतं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कोर्सचा काळ आणि वर एक वर्ष फेड सुरू होत नाही. या काळात साधं व्याज लागतं आणि शेवटी ते मुद्दलात मिसळतं.

तीन वर्षांच्या कोर्सला दरवर्षी सुरुवातीला दोन लाख उचलले, म्हणजे एकूण सहा लाख. पहिल्या उचलीवर चार वर्षांचं व्याज ८०,०००, दुसरीवर ६०,०००, तिसरीवर ४०,०००. फेडीच्या पहिल्या दिवशी तुम्ही देणं लागता ७.८ लाख, आणि दहा वर्षांचा हप्ता पडतो १०,३०८. पाच वर्षांच्या कायद्याच्या कोर्सला हेच व्याज मुद्दलाच्या ४० टक्क्यांपर्यंत जातं: पाच लाखांचे सात लाख.

यावर उपाय आहे. व्याज महिन्याच्या महिन्याला घरून भरा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला १,६६७ रुपये, दुसऱ्या वर्षी ३,३३३, नंतर ५,०००. तेवढं भरत गेलात तर फेडीचा हप्ता ७,९२९ वर येतो. शिवाय शिकताना व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्क्यापर्यंत सूट देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. ती आपणहून कोणी देत नाही, मंजुरीपत्रात लिहून घ्या.

६. बँक काय मागते? आमचं घर आजोबांच्या नावावर आहे.

चार लाखांपर्यंत पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. त्यावर भारतात ५ टक्के आणि परदेशासाठी १५ टक्के वाटा तुमचा. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज सरकारच्या क्रेडिट गॅरंटी फंडाखाली तारणाशिवाय आणि तिऱ्हाईत जामीनदाराशिवाय देता येतं, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. साडेसात लाखांवर तारण लागतं (प्रश्न ७ मधली पीएम-विद्यालक्ष्मी सोडून), आणि गोव्यात गाडी अडते ती इथेच.

घर आजोबांच्या नावावर असेल आणि इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्तेची कायदेशीर वाटणी) झालेली नसेल, तर वडिलांना ते एकट्याने गहाण टाकता येत नाही, सगळ्या वारसांचा हक्क त्यात असतो. वडिलांच्या नावावर असलं तरी गोव्याच्या नागरी कायद्यातल्या नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेच्या तत्त्वामुळे आईची संमती आणि सही लागते. फॉर्म एक व चौदावर (जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर) कुळाचं किंवा मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर बँकेचा वकील ती जमीन तारणाला धरत नाही. इन्व्हेंटरीला महिने लागतात, कधी वर्षं, आणि कॉलेजची फी जुलैत भरायची असते. कागद असे असतील तर साडेसात लाखांच्या आत बसणारा कोर्स निवडा, किंवा बारावीच्या आधीच कागदांना हात घाला.

मंजुरीच्या वेळी कॉलेजकडून वर्षवार खर्चाचं पत्र घ्या आणि त्यात हॉस्टेल, मेस, परीक्षा फी, प्रयोगशाळेचं डिपॉझिट, लॅपटॉप सगळं आलंय ना ते पाहा. पत्रात नसलेला खर्च बँक नंतर सोडत नाही. मग तिसऱ्या सेमिस्टरला तीस-चाळीस हजारांसाठी पतसंस्थेचं महाग कर्ज काढावं लागतं.

७. व्याजात सवलत किंवा बिनव्याजी कर्ज मिळतं का?

दोन ठिकाणी चौकशी करा. पहिली केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली. यादीतल्या दर्जेदार संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर फेड सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक-व्यावसायिक कोर्सला त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. तुमची संस्था यादीत आहे का हे प्रवेशाआधी पोर्टलवर पाहा. नवीन खासगी विद्यापीठांच्या बाबतीत तर हे पहिलं काम.

दुसरी, पर्वरीच्या गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची गोमंतकीय विद्यार्थ्यांसाठीची व्याजमुक्त शिक्षण कर्ज योजना. व्याज नसलं की प्रश्न ५ मधलं सगळं गणितच बदलतं: सहा लाख दहा वर्षांत फेडायला महिन्याला ५,००० पुरतात. बँकेत जाण्याआधी इथे जा.

८. फॉरेन्सिक सायन्सला मागणी वाढतेय म्हणतात. खरं का?

मागणी वाढण्याचं कारण कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक आहे, आणि हे अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे प्रत्येक राज्याला माणसं लागणार. गोव्याची प्रयोगशाळा वेर्ण्याला आहे.

पण बीएस्सी फॉरेन्सिक झालेल्यांची एक अडचण नीट समजून घ्या. प्रयोगशाळेतल्या वैज्ञानिक पदांच्या पात्रतेत बहुधा एमएस्सी मागतात, आणि ती रसायन, भौतिक, जीवशास्त्र किंवा फॉरेन्सिक अशा विषयांपैकी. विभागाप्रमाणे विषय बदलतो: विषशास्त्राला रसायन, डीएनएला जीवशास्त्र. नुसत्या बीएस्सी फॉरेन्सिकवर अर्ज अडतो, आणि बाहेर खासगीत औषध कंपनीच्या लॅबला रसायनवाला हवा असतो. म्हणून कर्ज काढायचंच असेल तर आमचा कल स्पष्ट आहे: गोव्यातल्याच कॉलेजात कमी फीत बीएस्सी केमिस्ट्री करा, आणि कर्ज एमएस्सी फॉरेन्सिकच्या दोन वर्षांसाठी ठेवा. कर्ज लहान राहतं, व्याज तीनच वर्षं चढतं, आणि वेर्ण्या-कुंडईच्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलची वाट मोकळी राहते. फोंड्याच्या आसपास घर असेल तर कुर्टीला शिकताना हॉस्टेलचाही खर्च वाचतो.

९. मुलगी कायद्याला जाते आहे. वकिलीत पैसे कधी सुरू होतात?

पदवीनंतर लगेच नाही, आणि हप्ता मात्र एका वर्षाने सुरू होतो. ज्युनिअर म्हणून पहिली वर्षं सीनिअरच्या ऑफिसात जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. मेरशी किंवा मडगावच्या कोर्टात फौजदारी काम शिकायचं असेल तर मुलीने आधी त्या सीनिअरशीच रकमेचं बोलून घ्यावं. संकोच नको.

सनदेचा खर्च आता कमी आहे. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे सर्वसाधारण गटाला नोंदणीसाठी ७५० रुपयांवर घेता येत नाहीत. आपली नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे होते, पुढे ऑल इंडिया बार परीक्षा.

न्यायाधीश व्हायचं असेल तर आणखी तीन वर्षं धरा. मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा अनिवार्य केली. पाच वर्षं शिक्षण, तीन वर्षं वकिली, मग परीक्षा. या वाटेवर पाच लाखांचं कर्ज सात लाखांचं होऊन बसतं तेव्हा हातात स्टायपेंडच असतो. दहा-पंधरा लाख फी घेणारं कॉलेज फौजदारी वकिलीसाठी परवडत नाही. कॉर्पोरेट फर्ममध्ये जाण्याचा पक्का इरादा आणि त्या कॉलेजची कॅम्पस नोकऱ्यांची खरी यादी हातात असेल तरच विचार करा.

१०. गोवा सरकारच्या नोकरीसाठी डिग्रीशिवाय काय अडू शकतं?

पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं चालू कार्ड आणि कोंकणी. कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट, असं नियमांत असतं. दाखला मामलेदार कार्यालयातून काढायचा, आणि जाहिरात आल्यावर पळापळ करण्यापेक्षा शिकत असतानाच काढून ठेवा. शिक्षणासाठी बाहेर राहिलेल्यांनी तिथल्या प्रवेशाचे कागद जपावेत.

११. सरकारी नोकरी नाही लागली तर गोव्यात खासगीत काय आहे?

मांडवीतल्या कॅसिनोंचे सर्व्हेलन्स विभाग, मोठ्या हॉटेलांची सुरक्षा, बँका आणि विमा कंपन्यांचा फसवणूक-तपास, आणि सायबर. पहिल्या दोन ठिकाणी डिग्रीपेक्षा शिफ्ट करण्याची तयारी आणि इंग्रजी-हिंदी बघतात, म्हणून त्यासाठी कर्ज काढू नये. सायबरमध्ये हातातलं काम दिसलं की पगार वेगाने वाढतो, पण नोकऱ्या जास्त करून बंगळूर-पुण्याला आहेत, तेव्हा तिथलं भाडं हिशोबात धरा. बँकेत जायचं असेल तर आणखी एक गोष्ट: सार्वजनिक बँकांच्या भरतीत उमेदवाराचा कर्ज-इतिहास तपासतात. थकलेलं शैक्षणिक कर्ज तिथे थेट आड येतं (प्रश्न १४).

१२. इंग्लंड-अमेरिकेत जाऊन हीच डिग्री केली तर?

तिथला पगार बघून हुरळू नका, तो कोणाला मिळतो ते बघा. अमेरिकेत पोलीस आणि डिटेक्टिव्ह यांचा मध्यम वार्षिक पगार मे २०२३ मध्ये ७४,९१० डॉलर होता. पण एफबीआयसारख्या संघीय यंत्रणांना अमेरिकी नागरिकच लागतो. क्रिमिनल जस्टिसच्या डिग्रीवर कामाची परवानगी साधारण १२ महिन्यांची. इंग्लंड-वेल्समध्ये पोलीस कॉन्स्टेबल व्हायला तिथे राहण्यावर मुदतीचं बंधन नसावं लागतं, आणि विद्यार्थी किंवा ग्रॅज्युएट व्हिसाला मुदत असते. म्हणजे ज्या नोकऱ्यांसाठी ही डिग्री आहे, त्याच तिथे तुम्हाला बंद. परत येऊन लेव्हल ६ च्या पगारात तीस लाखांचं कर्ज फिटत नाही: दहा वर्षांचा हप्ता ३९,६४५, चढलेलं व्याज सोडून.

१३. पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि नंतर गोवा पोलिसात अर्ज केला तर चालेल का?

नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. नंतर मिळणारं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांसाठीचं) राहण्याचा आणि खासगी नोकरीचा हक्क देतं, सरकारी नोकरीत समान संधीचा नाही. एकाच मुलाच्या डोक्यात दोन्ही बेत असतील तर आधी एक ठरवा, मग कोर्स.

१४. शिक्षण झालं, वर्ष उलटलं, नोकरी नाही. हप्ता कसा भरायचा?

पहिला हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या. बेकारीच्या काळात फेड पुढे ढकलण्याची, आणि सुरुवातीला लहान, पुढे मोठे हप्ते ठेवण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. तोंडी बोलून भागत नाही, अर्जाची पोच घ्या. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं, मुलाबरोबर सहकर्जदार वडिलांचाही सिबिल स्कोअर पडतो, आणि घरदुरुस्तीचं किंवा गाडीचं कर्जही अडतं. पूर्ण हप्ता जमत नसेल तर निदान व्याजाएवढे तरी भरत राहा.

१५. आयकरात काही सुटतं का?

शैक्षणिक कर्जाचं व्याज (मुद्दल नाही) ८०ई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वजावटीत आठ वर्षांपर्यंत वजा होतं, रकमेला मर्यादा नाही. पण फक्त जुन्या करपद्धतीत. पतसंस्थेचं किंवा नातेवाइकांचं कर्ज यात बसत नाही.

१६. आधीच कॉन्स्टेबल आहे. बढतीसाठी क्रिमिनॉलॉजी करू का?

बढती सेवाज्येष्ठता आणि खात्याच्या परीक्षेवर होते, त्यासाठी कर्ज नको. विषयाची आवड असेल तर इग्नूचा क्रिमिनल जस्टिसचा पदव्युत्तर डिप्लोमा नोकरी सांभाळून, पगारातून होतो. कायद्याची पदवी मात्र दूरशिक्षणाने मान्य नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

१७. कोर्स मध्येच सोडला तर?

पुढच्या वर्षांची रक्कम बँक सोडत नाही, पण उचललेली फेडावीच लागते, आणि पूर्ण कोर्सच्या हिशोबाने मिळालेली सवड आटपते. सोडायचं ठरलं तर पुढच्या सेमिस्टरची फी कॉलेजला जाण्याआधी बँकेला कळवा. एकदा भरलेली फी परत मिळवायची तर कॉलेजच्या परताव्याच्या तारखा बघा: जितका उशीर, तितकी कपात. परत आलेली रक्कम थेट कर्जखात्यात जमा करा. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही.